काजळीची जोडणी

मास्तर हे काही त्याचं नाव नव्हतं, आणि शिक्षणाच्या नावाने तर बोंबच होती. चौथीत दोनदा बसला आणि तिसऱ्यांदा बसवायला कुणी उरलं नाही म्हणून उठला. पण अपंगांसाठी आणि लढाईतून मोडून आलेल्या माणसांसाठी कुत्री तयार करायच्या त्या केंद्रावर त्याने अठ्ठावीस वर्षं काढली. एकेचाळीस कुत्री त्याच्या हाताखालून गेली. आंधळ्याला रस्ता ओलांडून देणारी, चाकाच्या खुर्चीतल्या बाईला दार उघडून देणारी, बहिऱ्या आईला पदर ओढून बाळ रडतंय म्हणून सांगणारी. एवढं केल्यावर माणसाला मास्तर म्हणायला कुणाचं काय जातं?

एकेचाळीसच्या एकेचाळीस त्याने हसत दिली. पट्टा समोरच्याच्या हातात, कुत्र्याच्या डोक्यावर एक थाप, की मास्तर वळलाच. नवी माणसं विचारायची, मास्तर, जीव लागत नाही का? तो म्हणायचा, "जीव लावायचा तर मांजर पाळा. हे काम आहे."

मग आली काजळी, बेचाळिसावी.

ही आली तीच मरायला टेकलेली. ओंजळीएवढं काळं पिल्लू, पोट बिघडलेलं, मान उचलायचं त्राण नाही. बाकीची पिल्लं वर्षभर कुणा ना कुणाच्या घरी वाढायला जायची. हिला कुणी घेईना. मास्तराने तिला कोटात घालून घरी नेलं आणि पाच आठवडे मांडीवर ठेवून बाटलीने दूध पाजलं. बायको म्हणाली, "आपली दोन पोरं वाढली तेव्हा तुम्ही कुठे होता हो? एकदा तरी बाटली धरलीत?" मास्तर ऐकू न आल्यासारखं करून बाटली हलवत राहिला.

ती जगली. आणि जगली ती मास्तराची सावली होऊन. त्याचा डावा गुडघा कामातून गेलेला. दहा वर्षांमागे एक दांडगा कुत्रा पट्ट्यासकट जिन्यावरून त्याला घेऊन उतरला होता, त्याची ती आठवण. काजळी न शिकवता त्याच गुडघ्याला चिकटून चालायची. तो बाकावर बसला की त्याच्या चपलेवर हनुवटी टेकायची. तीन वर्षांची होईपर्यंत तिने सगळं उचललं. "आण" म्हटलं की पडलेली वस्तू आणायची, "दार" म्हटलं की दोरी ओढून दार उघडायचं, आणि "टेकू" म्हटलं की चारही पाय रोवून भिंतीसारखं उभं राहायचं, म्हणजे माणसाने तिच्या पाठीवरच्या दांडीला धरून उठावं. केंद्रात असलं कुत्रं झालं नव्हतं. मास्तर हे स्वतः कुणाला सांगत नसे, पण कुणी म्हटलं तर नाहीही म्हणत नसे.

तिच्यासाठी जो माणूस आला त्याला सगळे फौजी म्हणायचे. सुरुंगावर पाय पडून डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. वर डोक्याला असा काही मार बसलेला, की उभ्या उभ्या चक्कर यायची आणि पोतं कलंडावं तसा कोसळायचा. एकटा राहायचा. मागच्या थंडीत स्वयंपाकघरात पडला तो सकाळी दूधवाल्याने हाका मारीपर्यंत तिथेच. फोन टेबलावर, हा फरशीवर, मधे चार हात अंतर.

माणूस वाईट असता तर सोपं होतं. पण फौजी सरळ होता, मोठ्यांशी अदबीने बोलायचा, स्वतःच्या लाकडी पायावर स्वतःच विनोद करायचा. पहिल्या दिवशी काजळीसमोर खाली बसायला त्याला अर्धं मिनिट लागलं, तरी बसला. हात पुढे केला नाही, तिला वास घेऊ दिला. हे मास्तर नव्या माणसांना आठवडाभर ओरडून शिकवायचा. याला न सांगता येत होतं. काजळीने त्याच्या तळव्यावरचा बिस्किटाचा तुकडा घेतला, आणि मास्तराला वाटलं आपल्या ताटातला घास कुणीतरी उचलला.

जोडणी पंधरा दिवसांची असायची. माणूस केंद्रावरच राहायचा, कुत्रं त्याच्या खोलीत झोपायचं, आणि पंधराव्या दिवशी मोठ्या बाई परीक्षा घ्यायच्या. बाई म्हणजे केंद्राच्या मुख्य, चष्म्यावरून बघायच्या आणि बघितलेलं विसरायच्या नाहीत. जोडी पास झाली तर घरी. नापास झाली तर माणूस पुन्हा यादीच्या तळाला, म्हणजे दोन वर्षं तरी गेली. आणि कुत्रं? तीन वर्षांवरचं कुत्रं दुसऱ्या माणसाला देत नसत. ज्याने वाढवलं त्याच्याकडे ते कायमचं जायचं. हा नियम मास्तराला पाठ होता. पंधरवडा सुरू झाल्यापासून तो जास्तच पाठ व्हायला लागला.

पहिल्या दिवशी फौजीने किल्ल्या खाली टाकल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "काजळी, आण."

काजळी त्याच्याकडे बघत बसली. पाहुणा परक्या भाषेत बोलायला लागला की आपण कसं चेहऱ्यावर हसू ठेवून बसतो, तशी.

"आण," फौजी पुन्हा म्हणाला.

काही नाही.

मास्तर पुढे झाला. "आण," म्हणाला, आणि काजळी सुटली ती किल्ल्या घेऊन त्याच्या हातात.

"होईल, होईल," मास्तर म्हणाला. "वेळ लागतो." चेहरा त्याने सुतकी ठेवला होता, पण आत वाजंत्री वाजत होती.

दुसरा दिवस तसाच, तिसरा तसाच. फौजी म्हणायचा आणि ती बघायची. मास्तर म्हणायचा आणि ती धावायची. पण काम सोडून बाकीच्या वेळात ती फौजीच्या जवळ सरकत होती, आणि ते मास्तर एका डोळ्याने मोजत होता. फौजीच्या विजारीवर काळे केस दिसायला लागले. चौथ्या दिवशी तिच्या मानेला फौजीच्या साबणाचा वास आला. मास्तराने ताबडतोब जाहीर केलं, की हा साबण कुत्र्याच्या कातडीला चालत नाही. फौजीने मुकाट्याने साबण बदलला. मग मास्तराला त्याने तिचे केस विंचरायची तऱ्हा खुपायला लागली. शेपटीकडून मानेकडे का विंचरतोस, असं विचारणार होता, तर तो बरोबर मानेकडून शेपटीकडेच विंचरत होता. म्हणून आणखी राग.

पाचव्या दिवशी बाईंनी विचारलं, "मास्तर, कुठे अडतंय?"

"मन लागत नाही तिचं त्याच्यात," मास्तर म्हणाला. "कुत्र्याला जबरदस्ती करता येत नाही, बाई." आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्याला तसंच वाटत होतं.

सहाव्या दिवशी बायको त्याचा डबा घेऊन आली. तो सकाळी विसरला होता. सरावाच्या खोलीला मोठी काच होती, तिच्याबाहेरच्या बाकावर ती अर्धा तास बसली. आधी फौजीचं बघितलं, मग नवऱ्याचं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि कुणी विचारायच्या आत डबा ठेवून निघून गेली.

संध्याकाळी घरी मास्तर खुर्चीत टेकला. बायकोने पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला.

"दुपारी हसायला काय झालं होतं?" तो म्हणाला.

"आत्ता पाणी मागितलंत?"

"नाही."

"मग मी का आणलं?"

"मला काय माहीत. ओळखतेस तू मनातलं."

"मनातलं!" ती समोर बसली. "तुमच्या मनात शिरायला मला काय कामं नाहीत? अहो, तुम्ही हुं करता. गुडघा वाकवायच्या आधी, काही मागायच्या आधी, पोटातून एक हुं येतो. म्हशीने कूस बदलावी तसा. त्याच्यावर मी उठते, एकतीस वर्षं झाली. ती काळीही त्याच्यावरच उठते. 'आण'-बिण काही नाही. तो बिचारा फौजी घसा फोडतोय, त्याला कुठे माहीत आधी हुं करायचा असतो म्हणून."

"काहीतरीच," मास्तर म्हणाला. आणि म्हणायच्या आधी त्याने हुं केला. दोघांनीही ऐकला.

सातव्या दिवशी फौजी मालिशीला गेला होता तेव्हा मास्तराने काजळीला खोलीत घेतलं. श्वास रोखून, दगडासारखं उभं राहून म्हणाला, "आण." काजळी बघत बसली, तोच पाहुण्यापुढचा चेहरा. मग तो काहीच बोलला नाही, नुसता हुं केला. काजळी ताडकन उठली आणि काय आणायचं म्हणून इकडेतिकडे शोधायला लागली. काही सापडेना तेव्हा त्याची टोपीच घेऊन आली.

मास्तर बाकावर बसला. हे असं का झालं ते त्याला त्याच घटकेला कळलं. केंद्राचा नियम होता, की प्रत्येक कुत्र्याने शेवटचा एक महिना दुसऱ्या शिक्षकाच्या हाताखाली काढायचा. शब्द दुसऱ्या तोंडून आला तरी कुत्र्याने ऐकावं म्हणून. एकेचाळीस कुत्र्यांनी तो महिना काढला होता. काजळीला मात्र त्याने कुणाच्या हाताखाली जाऊ दिलं नव्हतं. आज तिला बरं नाही, उद्या तिचं नख दुखतंय, असं करत महिना काढला, आणि कागदावर 'दुसरा हात' या शब्दांपुढे लिहिलं, 'झाला'. दुसऱ्या कुणी तिच्या डोक्यावरून हात फिरवलेला त्याला बघवत नव्हतं, एवढीच गोष्ट.

आता सांगायचं की नाही?

बाईंच्या खोलीपर्यंत तो गेला. दाराशी थांबला. आठच दिवस राहिले होते. गप्प बसलं तर काही करावंच लागत नव्हतं. ती घरी येणार होती, चपलेवर हनुवटी टेकणार होती, मरेपर्यंत. मास्तर दारातून परत आला. बायकोने विचारलं, "सांगितलंत?" तो म्हणाला, "बाई बाहेर होत्या." खोटं बोलताना हुं येत नाही, हेही त्याला त्या दिवशी कळलं.

आठवा दिवस गेला. नवव्या दिवशी मात्र गडबड झाली. काजळी हुशार होती, तीच अडचण. शब्द आणि खाऊ यांचा संबंध ती आपली आपण जुळवायला लागली होती. सकाळी फौजी खाली बसला होता, त्याने "टेकू" म्हटलं, आणि ती उठून त्याच्या बाजूला येऊन पाय रोवून उभी राहिली. हुं नाही, काही नाही. फौजीचा चेहरा असा उजळला, की बघणाऱ्याला लाज वाटावी. त्याने दांडीला हात घातला आणि वजन टाकत उठायला लागला.

मास्तर चार पावलांवर दाराशी होता. त्याने हुं केला.

गुडघा दुखला म्हणून आला, असं त्याला नंतर म्हणता आलं असतं. कुणी हरकत घेतली नसती. पण गुडघा दुखला नव्हता.

काजळी वळली आणि त्याच्याकडे आली. फौजी अर्धा उठलेला, हाताखालचा आधार गेला, आणि तो तोंडावर आपटला. हनुवटी फुटली. बाई धावत आल्या, कुणी कापूस आणला, कुणी खुर्ची. फरशीवर बसून हनुवटीला कापूस दाबत फौजी म्हणाला, "तिला रागावू नका मास्तर. माझंच वजन चुकीचं पडलं."

मास्तराने काजळीकडे बघितलं. ती दोघांच्या मधोमध उभी होती. शेपूट पोटाखाली, कान पडलेले. फौजीने रक्ताचा हात पुसून खाऊ पुढे केला, घेतला नाही. मास्तराने केला, तोही घेतला नाही. तिला वाटत होतं आपलं चुकलं. जे शिकवलं ते तिने बरोबर केलं होतं, अगदी अचूक, आणि चोरासारखी उभी होती.

फौजीच्या रक्ताने मास्तर हलला नव्हता, हे खरं आहे आणि तसंच सांगायला हवं. तो हलला तो त्या न घेतलेल्या खाऊने.

"बाई," तो म्हणाला, "दुसरा हात झालेला नाही हिचा. मी खोटं लिहिलंय." आणि तिथेच, फौजीच्या समोर, सगळं ओकला. हुं, महिना, टोपी, आत्ताचं.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुमचं काय करायचं ते मी नंतर बघते," म्हणाल्या. "आधी हिचं काय करायचं ते सांगा."

फौजी म्हणाला, "मला शिकवा ना तो हुं. मी पण करतो."

"नाही," मास्तर म्हणाला. "उद्या बाजारात कुणा म्हाताऱ्याने खाकरलं की ही तुला सोडून त्याच्याकडे जाईल. पुन्हा पडशील. तो हुं तिच्या डोक्यातून जायला हवा."

"कसा जातो?"

मास्तराने हातातला खाऊ खिशात टाकला. मग म्हणाला, "मी हुं करायचा. ती आली की मी पाठ फिरवायची. खाऊ नाही, हात नाही, नजर नाही. तिला तो फुकट वाटेपर्यंत."

"किती वेळा?"

"ती मोजेल तितक्या."

हुं मोडायच्या पहिल्या दिवशी हे साठ वेळा झालं. फौजी एका कोपऱ्यात बसून शब्द द्यायचा, ऐकलं की खाऊ आणि कौतुक. दुसऱ्या कोपऱ्यात मास्तर. तो हुं करायचा, ती यायची, नाक त्याच्या मुठीत घालायची. मूठ मिटलेली. तो भिंतीकडे तोंड करायचा आणि वीसपर्यंत मोजायचा. पाठीमागे तिचा श्वास ऐकू यायचा. आपण काय चुकलो ते कळलं की बरोबर करू, अशी वाट बघत ती बसून राहायची. त्या भिंतीला एक ओल आलेला डाग होता, कढईच्या आकाराचा. अठ्ठावीस वर्षांत मास्तराने तो बघितला नव्हता. आता त्याची कड न् कड पाठ झाली.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि एकदाच भुंकली, त्याच्या पाठीवर. कामाचं कुत्रं भुंकत नाही. फौजी म्हणाला, "मास्तर, आज पुरे."

"तू तुझं बघ."

दुपारी फौजी चहाचे दोन पेले घेऊन बाकावर आला. एक हात काठीला, म्हणजे एकाच हातात दोन पेले, अर्धा चहा विजारीवर.

"मास्तर, तुम्हाला माझा राग येतो ना?"

"येतो."

"सगळं सांगून टाकलंत तरी?"

"सांगितलं म्हणजे काय गेला? सकाळी तिने तुझा मोजा काढून दिला तेव्हा तुझा पायच काढावासा वाटला."

"एक तर काढून ठेवलाय," फौजी म्हणाला. "दुसरा राहू द्या."

मास्तराला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा राग आला. चहा मात्र प्यायला.

चौथ्या दिवशी ती विसातून आठ वेळा आली. पाचव्या दिवशी तीन वेळा. ती आली नाही की काम झालं म्हणून मास्तराने खूश व्हायचं होतं. तो बाईंना आकडा सांगायचा आणि मग मुतारीत जाऊन तोंड धुवायचा. घरी बायकोने त्या दिवसांत पाणी आणलं नाही. तो हुं करायचा आणि ती भाजी निवडत राहायची. "तिची सवय मोडताय, मग माझीही मोडा," एवढंच एकदा म्हणाली. "तोंड दिलंय ना देवाने?" मास्तर तोंडाने मागायला शिकला. साठीला आल्यावर, तेही जड जिभेने.

पंधरावा दिवस. बाई कागद घेऊन खुर्चीत. मास्तराची बायकोही आली होती, डब्याचं निमित्त करून. किल्ल्या झाल्या, फोन झाला, दार झालं. शेवटी फौजी फरशीवर आडवा झाला आणि म्हणाला, "टेकू." काजळी आली, पाय रोवले. त्याने दांडी धरली.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "तुमचा हुं."

तो दाराशी होता, त्या दिवशीच्याच जागी. त्याने केला. चांगला, पोटातून, मांडीवर पाच आठवडे ऐकवलेला. आणि करताना मनात आलं, ये. एकदा ये. नापास होऊ दे सगळ्यांना.

काजळीचा डावा कान त्याच्याकडे वळला. नुसता कान. बाकीची काजळी फौजीच्या हाताखाली भिंतीसारखी उभी राहिली. फौजी उठला, सरळ झाला, काठी न घेता दोन श्वास उभा राहिला. बाईंनी कागदावर पासची खूण केली.

"कान वळला," मास्तर बायकोला म्हणाला. "बघितलास?"

"बघितला."

"तो माझा."

"बरं, तुमचा."

बाईंनी मास्तराचं करायचं ते केलं. यापुढे त्याच्या एकट्याच्या सहीवर कुत्रं जाणार नव्हतं, अठ्ठावीस वर्षांनंतर दुसऱ्याची सही लागणार होती.  जुन्या कागदावरचं 'झाला' त्याने स्वतःच्या हाताने खोडलं.

दुपारी फाटकाशी गाडी आली. फौजीने पट्टा मास्तरापुढे धरला, शेवटचं भेटून घ्या म्हणून. मास्तराने पट्टा घेतला नाही. डोक्यावर एक थाप, एकेचाळिसांना दिली तशीच, फक्त हात उचलायला जरा वेळ लागला. काजळी गाडीत चढली, फौजीच्या पायाशी गोल फिरली आणि त्याच्या बुटावर हनुवटी टेकून बसली. गाडी वळली, रस्त्याला लागली.

"वळून बघितलं नाही," मास्तर म्हणाला.

"तुम्हीच शिकवलंत," बायको म्हणाली.

"शिकवलं म्हणून काय एकदाही बघायचं नाही?"

बायकोने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्याच्या हातात दिली.

मास्तराने बाटलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मी हुं केला का?"

"नाही," ती म्हणाली. "प्या."